स्ट्रॅटेजी गेमचा बॅलन्स मॉडने किती बदलावा?

तुम्ही विचारलंय की जुन्या आरटीएससाठी (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे पाळ्या न घेता सगळे एकाच वेळी खेळतात असा गेम) मित्रांसोबत बॅलन्स मॉड (बाजू तुल्यबळ व्हाव्यात म्हणून खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल) करायचाय, तर किती बदल केले की मूळ गेम उरत नाही? नेमकी मर्यादा कुणी सांगू शकणार नाही. पण माझं मत पक्कं आहे: युनिटच्या (सैनिक, वाहनं वगैरे) आकड्यांना, म्हणजे किंमत, ताकद वगैरेंना, हात सगळ्यात शेवटी लावा, आणि लावलात तर एका वेळी एकाच आकड्याला.

याच मुद्द्यावरून मी एका मॉड टीममधून बाहेर पडले. गेम जुना, फॅक्शन (खेळायला निवडता येणाऱ्या बाजू) तीन. त्यातल्या एका फॅक्शनचा सुरुवातीचा रश (गेम सुरू होताच केलेला झटपट हल्ला) नवख्यांना झेपायचा नाही, आणि त्याच्या तक्रारी रोज यायच्या. आमच्या लीडने एकाच व्हर्जनमध्ये त्या रशमधल्या युनिटचं डॅमेज घटवलं, किंमत वाढवली आणि बिल्ड टाइमही (तयार व्हायला लागणारा वेळ) वाढवला. मी तेव्हाच विचारलं, तिन्ही एकदम का? उद्या काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे कळणार कसं? माझं म्हणणं होतं की आधी मॅप बघू. सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या मॅपवर दोन बेसमधलं अंतर फार कमी होतं आणि बेसच्या तोंडाशी अडवायला अरुंद जागाच नव्हती. तिथे कुठलाही रश भारी पडणारच. त्यावर उत्तर मिळालं, "मॅप बनवणं आपलं काम नाही."

व्हर्जन आलं आणि रश संपला. पण रशच्या भीतीने जे जे होत होतं तेही त्यासोबत संपलं. आधी समोरचा लवकर स्काउट (टेहळणीसाठी एखादं युनिट) पाठवायचा, काय येतंय ते बघून बचावावर किती घालायचं ते ठरवायचा, नाहीतर धोका पत्करून दुसरा बेस टाकायचा. आता दुसरा बेस टाकण्यात धोकाच उरला नाही, त्यामुळे सगळेच तो टाकायला लागले. कुणाचाही रिप्ले (सामन्याचं रेकॉर्डिंग) उघडा, पहिला भाग सारखाच. लीड मात्र विन रेटचा (कोणती फॅक्शन किती टक्के सामने जिंकते याचा) तक्ता पुढे करायचा: जवळजवळ पन्नास-पन्नास. तक्ता खरा होता. पण नाणं उडवलं तरी पन्नास-पन्नासच येतं! समोरच्याच्या डोक्यात काय आहे याचा अंदाज बांधावा लागत नसेल, तर त्या तक्त्याला मी बॅलन्स म्हणणार नाही. तेव्हाही म्हणाले नव्हते.

स्टारक्राफ्ट ब्रूड वॉर बघा. गेम 1998चा, आणि युनिटचा बॅलन्स बदलणारा शेवटचा पॅच 1.08, तो 2001 मधला. त्यात इतरही बदल होते, पण झर्ग या रेसच्या (तिथे फॅक्शनला रेस म्हणतात) रशपुरतं बोलायचं तर स्पॉनिंग पूल, म्हणजे पहिले लढाऊ युनिट बनवायला लागणारी इमारत, 150 मिनरलऐवजी (गेममधलं चलन) 200चा केला. तेवढ्याने अगदी सुरुवातीचा रश महाग झाला, पण मेला नाही. आजही लोक तो करतात आणि आजही त्यासाठी स्काउट करावं लागतं. त्यानंतर कोरियातल्या लीग वर्षानुवर्षं चालल्या, त्या मॅप बदलून. एखाद्या रेसला मॅप जड जातोय असं दिसलं की रॅम्पची (बेसकडे जाणाऱ्या चढाची) रुंदी, बेसमधलं अंतर, दुसऱ्या बेसजवळ गॅस (मिनरलसारखंच दुसरं संसाधन) द्यायचा की नाही, अशा गोष्टी पुढच्या मॅपमध्ये बदलायच्या. 2017 च्या रीमास्टर्डमध्येही (त्याच गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती) युनिटचे आकडे तसेच ठेवले. मॅप बनवणं हे बॅलन्सचंच काम आहे, आणि हे त्या वादाच्या वेळीही सगळ्यांना माहीत होतं.

बग दुरुस्त करण्याबद्दल मी हे म्हणत नाहीये. पाथफाइंडिंग (युनिटचं वाट शोधणं) अडकत असेल, अपग्रेड लागूच होत नसेल, तर बिनधास्त दुरुस्त करा. फक्त ते वेगळं ठेवा. सिव्हिलायझेशन 5 साठी कम्युनिटी पॅच वेगळा मिळतो, त्यात मुख्यतः बग आणि एआयची दुरुस्ती आहे. गेम मुळापासून बदलणारा व्हॉक्स पॉप्युली हा मॉड त्याच्यावर चढतो. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. तुमच्याकडे हे आणखी गरजेचं आहे, कारण बहुतेक आरटीएसमध्ये प्रत्येक खेळाडूचं मशीन तीच लढाई स्वतः मोजत असतं. दोघांच्या फाइलमध्ये एक आकडा जरी वेगळा असला तरी डीसिंक होतो, म्हणजे दोन मशीनवरची लढाई एकमेकांशी जुळेनाशी होते. व्हर्जन नंबर नीट द्या आणि दर आठवड्याला नवं व्हर्जन काढू नका.

आणि हो, हे सगळं मल्टिप्लेअरबद्दल. सिंगल प्लेअर असेल तर पाहिजे तेवढं बदला. एक्सकॉम या गेमच्या लाँग वॉर मॉडने सैनिकांचे चार क्लास होते तिथे आठ केले, मिशननंतर थकवा आणला, कॅम्पेन कितीतरी लांबवलं, आणि मला तो मूळ गेमइतकाच आवडतो. तिथे समोर माणूस नसतो, त्यामुळे कुणाचा सराव वाया जात नाही.

तुमच्या टीममध्ये कुणी विन रेटचा तक्ता आणला तर त्याच्याकडे दुसरा तक्ता मागा: किती वेगवेगळ्या ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) खेळल्या जातायत, आधीच्या व्हर्जनमध्ये आणि आताच्या. हा तक्ता मी मागितला होता. तो शेवटपर्यंत कुणी काढला नाही.