लुई एवढा रडतो, मग रक्त पितो कशाला?

प्रश्न: ताई, अ‍ॅन राइसचं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' वाचून संपवलं, पण त्यातला व्हॅम्पायर लुई काही पटला नाही. माणसं मारायचं एवढं वाईट वाटतं तर सोडून दे ना बाबा, दोनशे वर्षं नुसती रडारड! आणि अमर व्हायला मिळतंय तर त्यात दुःख कसलं?
– एक वाचक, एस.वाय.बी.ए.

उत्तर: रडारड आहेच, नाही कुठे म्हणतेय मी. पण 1791 साली हा व्हॅम्पायर होतो तेव्हा असतो कोण ते बघ ना, न्यू ऑर्लिन्सजवळच्या निळीच्या मळ्यांचा मालक, गुलाम राबवणारा, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नाही, वाईट वाटायला लागतं ते थेट रक्त प्यायची वेळ आल्यावर, मग काही वर्षं उंदीर आणि जनावरांवर भागवतो. म्हणजे सदसद्विवेक आहे पण सोयीचा. पुढे माणसं मारतोच. भाडं भरावं तसा रडतो आणि पुढच्या रात्रीचा मुक्काम पक्का करतो. मला तर त्याला व्हॅम्पायर करणारा लेस्टाट त्याच्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, निदान नाटकं तरी करत नाही (लेस्टाटच्या फॅन्सनी लगेच नाचू नये).

खरा गुन्हा घडतो तो क्लॉडियाच्या बाबतीत. आई मेलेली, पाच वर्षांची पोर, लुई तिचं रक्त पितो आणि लुई आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून लेस्टाट तिला व्हॅम्पायर करून टाकतो. 1994च्या सिनेमात ती बरीच मोठी दाखवलीये त्यामुळे तो धक्का थोडा कमी बसतो. पुस्तकात मन बाईचं होत जातं, शरीर पाचच वर्षांचं. दशकंच्या दशकं बाहुलीसारखं नटवतात तिला! राइसबाईंची स्वतःची मुलगी 1972 मध्ये ल्युकेमियाने गेली, सहा वर्षांचीही झाली नव्हती, आणि त्यानंतर थोड्याच काळात हे पुस्तक लिहिलं गेलं. ते कळल्यावर क्लॉडियाचे प्रसंग मला भराभर वाचता आले नाहीत. मरू न दिलेली मुलगी, आणि ती विचारतेय की माझं हे का केलंत.

आता तुझं अमरत्व. पॅरिसचा जुना व्हॅम्पायर आर्मांड सांगतो बघ, फार थोडे व्हॅम्पायर टिकतात, कारण जग बदलत राहतं, कपडे, भाषा, माणसं सगळं, आणि हे आपल्या काळातच अडकलेले. शेवटी जगणंच नकोसं होतं. क्लॉडियाचं शरीर अडकलंय, बाकीच्यांची मनं, एवढाच काय तो फरक.

आणि तू एकटा नाहीस हं. लुईची मुलाखत घेणारा, रात्रभर टेप लावून सगळं ऐकणारा तो पोरगा शेवटी काय म्हणतो? मलाही व्हॅम्पायर कर! लुई पुस्तकभर रडतो, पण तिथे मात्र जाम भडकतो, चावतो त्याला आणि निघून जातो. पोरगा शुद्धीवर येतो आणि पहिलं काम काय, तर टेप मागे फिरवून लेस्टाटचा पत्ता शोधतो.