वाचक विचारतात : पत्त्याच्या पट्टीतून थेट शोध

प्रश्न : मी महाविद्यालयात मराठी शिकवते. मुकुंदराज, दासोपंत यांच्यावरील नोंदींसाठी दर वेळी आधी मराठी विकिपीडिया उघडावा लागतो. संगणकावरील क्रोममधून तिथे थेट शोध घेता येईल का?
– एक प्राध्यापिका, अंबाजोगाई

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यासाठी वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही. प्रथम मराठी विकिपीडियाच्या शोधपेटीत ‘क्यूझेडक्यूझेड’सारखा निरर्थक शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा. ‘दासोपंत’ लिहिलेत, तर त्या नावाचा लेखच उघडतो आणि मराठी अक्षरे पत्ता कॉपी करताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतात. निरर्थक शब्द मात्र पत्त्यात चटकन सापडतो. निकालाच्या पानाचा संपूर्ण पत्ता कॉपी करून, त्यातील तेवढ्या शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागूनच इंग्रजी लहान ‘एस’ लिहा. मग सेटिंग्जमधील सर्च इंजिनच्या विभागात ‘साइट सर्च’खाली ‘अ‍ॅड’ दाबून नाव, दोन अक्षरी शॉर्टकट आणि हा पत्ता भरा. पुढे पट्टीत शॉर्टकट लिहून टॅब दाबला आणि ‘मुकुंदराज’ लिहून एंटर केले, की काम झाले.

ज्या संकेतस्थळाच्या निकालाच्या पत्त्यात शोधलेला शब्द उमटतच नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. अनेक सरकारी संकेतस्थळांवर हा अनुभव येतो.