कंपवातातला वात म्हणजे कुठलं वारं?

भुसावळच्या एका भाऊंनी विचारलंय, कंपवात म्हणजे पार्किन्सनच का, कारण त्यांच्या गावात घरोघरी आलेल्या सर्व्हेच्या फॉर्मवर वर 'कंपवात' आणि खाली एकच प्रश्न, हात थरथरतात का.

नाही हो, नुसती थरथर म्हणजे पार्किन्सन नाही! बसमध्ये, बाजारात, जिथे तिथे ऐकतो, "बाबाले कंपवात शे", आणि बाबांचा हात थरथरतो फक्त चहाची बशी उचलली की. पार्किन्सन ठरवायच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हालचाल मंदावणं आधी लागतं, मग जोडीला ताठरपणा किंवा हात मांडीवर निवांत असतानाची थरथर. त्याआधीच्या लंडनच्या ब्रेन बँकेच्या (अभ्यासासाठी मेंदू जतन करणारी संस्था) निकषांत तोल जाणं पण धरायचे. निकष बदलला की पेशंटचा आकडा बदलतो, नुसत्या थरथरीवर मोजलं तर एसेन्शियल ट्रेमरवाले (त्या बशीवाल्या बाबांसारखे, काही उचललं-धरलं की हात थरथरणारे, हा वेगळा आजार) सगळे आत येतात आणि थरथर नसलेले खरे पेशंट (ते काही थोडे नसतात) बाहेर राहतात, आणि मग लोक दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून भांडतात.

हा घोळ नावापासूनचा. जेम्स पार्किन्सननी १८१७ मध्ये 'शेकिंग पाल्सी', म्हणजे थरथरता लकवा, असं लिहिलं, पुढे फ्रान्सच्या डॉक्टर शार्कोंनी सांगितलं की सगळे पेशंट थरथरत नाहीत, म्हणून पार्किन्सनचंच नाव द्या.

पण खरी गंमत आपल्या शब्दात आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अंगभर थरथरीला वेपथु म्हणलंय, गीतेत अर्जुनाच्या अंगाला सुटतो तोच वेपथु. धातू विप्, थरथरणं. लॅटिनचं व्हायब्रारे त्याच घराण्यातलं, म्हणजे खिशातला मोबाइल व्हायब्रेट होतो तो वेपथुचा भाऊबंद! आणि विप्र पण त्यातलाच, स्फुरण चढून थरथरणारा ऋषी. जुने व्युत्पत्तीकार विप्र वप् पासून काढतात, पेरण्याचा धातू, मला ते साफ चूक वाटतं, वेदातला विप्र शेतात नाही, सूक्त म्हणताना भेटतो. आता आपल्याकडे बघा, भगत घुमायला लागला की म्हणतात अंगात वारं आलं. वारं म्हणजे वातच ना? थरथर आणि वारं ही जोडी वैद्यांच्या पोथीआधी लोकांच्या तोंडी असणार, असं माझं ठाम मत आहे, कंपवात हा शब्द खेड्यात इतका पटकन रुजला तो त्यामुळेच.

हां, फॉर्मचं राहिलं. भाऊ, त्यांना सांगा, सदऱ्याची बटणं लावायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो का, चालताना पाय घासतात का, अक्षर बारीक होत चाललंय का, हे आधी विचारा, थरथर नंतर. आणि हो म्हणणाऱ्याला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पार्किन्सनमध्ये मोजू नका.