हँडल वर घ्यायचं, पण आधी सीट बघा

प्रश्न: माझी हायब्रीड सायकल आहे. सकाळी सुपर कॉरिडॉरपर्यंत जाऊन येते. अर्ध्या तासात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मान अवघडते. मेकॅनिकने सीट पुढे घेऊन तिचं टोक खाली केलं, तर त्रास वाढलाच. हँडल उंच करता येईल का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: येईल. पण आधी सीट होती तशी करून घ्या. टोक खाली झुकलं की अंग पुढे घसरतं आणि ते थोपवायचं काम तळहातांवर येतं. करंगळीची नस तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाते, नेमका तिथेच दाब बसतो. शिवाय सीट पुढे-मागे करायची ती गुडघा आणि पेडलच्या हिशोबाने. हँडल लांब पडतं म्हणून नव्हे.

आता स्टेम पाहा, म्हणजे हँडलला फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीशी जोडणारा तुकडा. त्याच्या वर स्पेसरच्या रिंगा असतील तर त्या काढून खाली घाला. जेवढी जाडी, जवळपास तेवढं हँडल वर. रिंगा आधीच खाली असतील तर स्टेम उलटा बसवा. 90 मिमी लांबीचा, 6 अंशांचा स्टेम उलटला की साधारण 18 मिमी फरक पडतो, आणि तो हातांना चांगलाच जाणवतो. रिंगांनी करणार असाल तर एका वेळी 10 मिमी पुरे.

सायकल जमिनीवरच उभी ठेवा, उचललीत तर फोर्क खाली निसटेल. वरच्या टोपीचा बोल्ट काढा, मग स्टेमचे बाजूचे दोन सैल करा. बसवताना बहुतेक जण इथेच चुकतात: बाजूचे बोल्ट आधी आवळतात आणि मग टोपी जीव खाऊन पिळतात. टोपी हँडल धरून ठेवत नाही, तिचं काम फक्त बेअरिंगमधला ढिलेपणा काढणं. म्हणून टोपी आधी, हलकेच. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खडखड थांबली आणि हँडल तरीही सहज वळलं, की बस्स. मग हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा. किती, ते स्टेमवरच छापलेलं असतं, बहुधा 5 न्यूटन-मीटर. खडखड थांबतच नसेल तर टोपी काढून पाहा: नळीची कड सर्वात वर जे असेल, रिंग किंवा स्टेम, त्यापेक्षा 3 मिमी खाली हवी, नाहीतर टोपी नळीवरच टेकते.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, ते बघा. ब्रेकच्या मुठीही फिरवून घ्या. मनगट मुडपता कामा नये.

प्रश्न: जुन्या काळ्या सायकलचं हँडल वर येतच नाही.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: आतली पाचर अडकली असेल. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करा, त्यावर लाकूड ठेवून हातोडीने ठोका, मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळत वर ओढा. हँडलचा दांडा निदान 65 मिमी आत राहिलाच पाहिजे; दांड्यावर मर्यादेची खूण असेल तर ती बाहेर येऊ देऊ नका. दांडीचे ब्रेक असतील तर दांड्याही वर ओढल्या जाऊन रबर रिमला घासेल. त्यांच्या जोडाचे नट सैल करून लांबी पुन्हा जुळवा.