'गांधी, माय फादर' हा पिक्चर कसा आहे? वडिलांसोबत बसून बघण्यासारखा आहे का?

तुम्ही लिहिलंय की 'छावा' मधला औरंगजेब बघितल्यापासून अक्षय खन्नाचे जुने पिक्चर शोधून बघताय आणि त्यात हा सापडला, आणि घरी वडिलांशी सध्या फारसं बोलणं नाही म्हणून त्यांच्यासोबत बघावा की नको असा प्रश्न पडलाय. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे, बघा. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, कारण मी तो बाबांसोबतच बघितला होता.

आधी पिक्चरबद्दल. २००७ च्या ऑगस्टमध्ये आला, डायरेक्टर फिरोज अब्बास खान, प्रोड्यूसर चक्क अनिल कपूर. अक्षय खन्ना म्हणजे हरिलाल, गांधीजींचा थोरला मुलगा. दर्शन जरीवाला गांधीजी, शेफाली शाह कस्तुरबा आणि भूमिका चावला हरिलालची बायको गुलाब. थिएटरात फार काही चालला नाही. आदल्याच वर्षी आपले दिलीप प्रभावळकर मुन्नाभाईच्या खांद्यावर हात ठेवून गोड हसणारे बापू झाले होते, लोकांना ते बापू आवडले, आणि लगेच वर्षभरात हे घरात न हसणारे बापू कोण बघायला जाणार. गंमत म्हणजे सहाय्यक अभिनेत्याचं नॅशनल अवॉर्ड लागोपाठ दोन वर्षं गांधीजींच्या रोललाच मिळालं, आधी प्रभावळकर मग जरीवाला. गांधीजी आणि सहाय्यक अभिनेता! पण या पिक्चरपुरतं ते बरोबरच आहे, कारण इथे हिरो मुलगा आहे.

सुरुवातच अशी आहे की पोटात कालवतं. एका बेवारशी, दारूने खंगलेल्या भिकाऱ्यासारख्या माणसाला हॉस्पिटलमध्ये आणतात, बापाचं नाव विचारतात, तो पुटपुटतो बापू. ते म्हणतात अरे ते तर सगळ्या देशाचे, तुझ्या बापाचं नाव सांग. बस्स, सगळा पिक्चर या एका गैरसमजात आहे. खरा हरिलालही १८ जून १९४८ ला मुंबईत टीबीने गेला, गांधीजींच्या खुनाला पाच महिनेही झाले नव्हते. आणि गांधीजींच्या चितेला अग्नी दिला तो रामदासने, म्हणजे तिसऱ्या मुलाने. आपल्याकडे थोरल्याचा तो मान असतो, इथे थोरला जिवंत असून नव्हता.

आता भांडण नेमकं कशाचं होतं ते सांगतो म्हणजे बघताना हरवायला होणार नाही. हरिलालचा जन्म १८८८ चा, बाप तेव्हा अठरा वर्षांचा आणि पोरगा काही दिवसांचा असताना बॅरिस्टर व्हायला लंडनला निघून गेलेला. पुढे बाप आफ्रिकेत, हा बराच काळ इथे. १९०६ मध्ये याने राजकोटला गुलाबशी लग्न केलं, बापाला ते एवढ्या लवकर पसंत नव्हतं. मग हाही आफ्रिकेत गेला, आणि गेला तो नुसता गेला नाही, सत्याग्रहात पुन्हा पुन्हा जेलमध्ये गेला, लोक त्याला छोटे गांधी म्हणायला लागले. हा भाग पिक्चरमध्ये छान आलाय, कारण आपल्या डोक्यात हरिलाल म्हणजे दारुडा एवढंच असतं, आणि इथे दिसतं की बापाच्या नजरेत भरण्यासाठी या पोराने आधी सगळं करून बघितलं होतं.

त्याला हवं होतं शिक्षण. बापासारखं बॅरिस्टर व्हायचं होतं. बापाचं मत असं की शाळा-कॉलेजचं शिक्षण म्हणजे गुलामी, जे शिकायचं ते आश्रमात, कामातून. (स्वतः बॅरिस्टर होऊन झाल्यावर हे मत झालं, हे पोराला दिसत असणारच ना.) मग डॉ. प्राणजीवन मेहता, गांधीजींचे जुने मित्र, त्यांनी एकाला इंग्लंडला पाठवायचा खर्च द्यायची तयारी दाखवली. गांधीजींनी पाठवलं पुतण्याला, छगनलालला. तो आजारी पडून परत आला. आता तरी आपला नंबर लागेल असं हरिलालला वाटलं असणार, तर दुसऱ्यांदा गेला सोराबजी अडाजानिया नावाचा पारशी तरुण. १९११ मध्ये हरिलाल घर सोडून निघाला. भारतात येऊन मॅट्रिकला बसला, पुन्हा पुन्हा नापास झाला, लेकराबाळांचा बाप असलेला माणूस पोरांच्या बाकावर बसून नापास होतोय, कल्पना करा.

हा स्कॉलरशिपचा सीन आला आणि आमच्या घरात वाजलं.

बाबा म्हणाले, "बरोबरच केलं त्यांनी."

मी म्हटलं काय बरोबर केलं?

आता इथे थोडं सांगावं लागेल. माझे बाबा मास्तर. मी ज्या शाळेत होतो तिथेच गणित शिकवायचे. मास्तरांच्या पोरांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल, बाकीच्यांना सांगतो, वर्गात गोंधळ कोणीही घातला तरी पहिली पट्टी माझ्या हातावर, कारण माझ्या पोराला मी सोडत नाही हे बाकीच्यांना दिसलं पाहिजे. आठवीत उत्तरापुढे सेंटीमीटर लिहायचं राहिलं म्हणून अर्धा मार्क कापलेला, आणि शेजारच्या पोराने पण लिहिलं नव्हतं, त्याला दिलेला. विचारलं तर म्हणाले, त्याला कोणी शिकवायला नाही घरी. अर्धा मार्क! आज माझ्या डोक्याचे केस गेले तरी तो अर्धा मार्क गेला नाही डोक्यातून. वर घरी शिकवायचे म्हणाल तर तसंही नाही, संध्याकाळी ओसरीवर दुसऱ्यांची पोरं बसलेली असायची फुकटच्या शिकवणीला आणि मला सांगायचे तू आतला आहेस, तू नंतर बस. नंतर म्हणजे कधी, तर ते दमून झोपायचे.

तर मला जे वाटतं ते हे, की पिक्चरमधला बाप पोरावर अन्याय करत नाही. तो न्यायच करतो, आणि तोच पोराला लागतो. सगळ्यांना सारखं वागवणारा माणूस जगाला मोठा वाटतो, पण घरातल्या पोराला सारखं नको असतं, त्याला थोडं जास्त हवं असतं, उगाचच, काही कारण नसताना. दर्शन जरीवालाने हे इतकं नीट पकडलंय की त्याचा राग येत नाही आणि तोच जास्त त्रास होतो. तो ओरडत नाही, मारत नाही, शांतपणे समजावतो. अरे एकदा तरी चिड ना, असं होतं बघताना. हरिलालने १९१५ मध्ये बापाला एक लांबलचक पत्र लिहून छापलं होतं, त्यात तक्रार आहे की तुम्ही आम्हाला सर्कशीतल्या रिंगमास्टरसारखं वागवलंत. रिंगमास्टरचा चाबूक तरी दिसतो, इथे तो पण दिसत नाही.

अक्षय खन्नाबद्दल. तरुण हरिलाल म्हणून तो मला फारसा पटला नाही, अठरा-वीस वर्षांचा नवरा मुलगा वाटतच नाही तो. पण जसजसा हरिलाल बिघडत जातो तसतसा हा माणूस असला रंगतो की बाकीचं विसरायला होतं. ते अर्धवट हसणं, पैसे मागताना दुसरीकडेच बघणं, दारू प्यायल्यावर एकदम मोठं मोठं बोलणं आणि दुसऱ्या क्षणी विझणं. खोटं बोलणारी माणसं जवळून बघितली असतील तर कळेल, तो खोटं बोलताना स्वतः आधी विश्वास ठेवतो. त्याचे वडील विनोद खन्ना १९८२ मध्ये सगळं टाकून गुरूकडे अमेरिकेला गेले होते हे सगळ्यांना माहितीये, तेव्हा हा लहान होता. त्यावरून काही म्हणायचं नाहीये मला, पण बघताना ते मनात येतं एवढं खरं.

कमी कुठे पडतो ते पण सांगतो. इंटरव्हलनंतर पिक्चर पळतो. एक धंदा बुडाला, दुसरा बुडाला, दारू, उधारी, परत धंदा, नुसती यादी चालू आहे असं वाटतं. गुलाबचं तर मला फार वाईट वाटलं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती गेली, एक मुलगा पण गेला, मागे चार लेकरं. हरिलाल खरा कोसळला तो तिथे, नोकरी-धंद्याने नाही, पण पिक्चर तिथे थांबत नाही पाहिजे तेवढा. त्या लेकरांचं काय झालं, एका हरवलेल्या बापाची पोरं दुसऱ्या कडक बापाच्या सावलीत कशी वाढली, याचा वेगळा पिक्चर झाला असता. १९२५ चा एक प्रकार आहे, हरिलाल ज्या कंपनीचा डायरेक्टर होता तिच्यात कोणाचे तरी पैसे अडकले, त्याच्या वकिलाने गांधीजींना पत्र लिहिलं, आणि गांधीजींनी 'यंग इंडिया' मध्ये ते पत्र उत्तरासकट छापून टाकलं की हो मी त्याचा बाप आहे, पण त्याच्या धंद्याशी माझा संबंध नाही. स्वतःच्या पेपरात! लोकांना सावध करणं कर्तव्यच होतं, मान्य आहे, पण छत्तीस वर्षांच्या मुलाने ते छापलेलं वाचलं तेव्हा त्याला काय झालं असेल हे कोणत्या कर्तव्यात बसवायचं. १९३६ च्या मे महिन्यात तो मुसलमान होऊन अब्दुल्ला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्य समाजाकडून परत हिंदू, हा भाग पिक्चरने बऱ्यापैकी संयमाने दाखवलाय, आजच्या काळात कोणी केला असता तर काय केलं असतं विचार करवत नाही.

नाटकवाल्यांसाठी एक. आपल्या मराठीत हा विषय पिक्चरच्या कितीतरी आधी येऊन गेला, 'गांधी विरुद्ध गांधी', अजित दळवींचं, डायरेक्शन चंद्रकांत कुलकर्णी, आणि अतुल कुलकर्णी गांधीजी. दिनकर जोशींच्या गुजराती कादंबरीवरून. ते बघितलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात आणि पिक्चरला नाक मुरडतात. मी नाटक बघितलेलं नाही त्यामुळे गप्प बसतो.

पण या पिक्चरचं खरं सोनं म्हणजे शेफाली शाह. वयाने ती अक्षयपेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, आणि त्याची आई झालीये, आणि एका क्षणासाठी सुद्धा खोटं वाटत नाही. सगळे म्हणतात बाप-मुलाचा पिक्चर, मला तो मधल्या आईचा वाटतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलतच नाहीत, आईमार्फत बोलतात. "त्याला म्हणावं लाईटबिल भर." "बाबांना सांग मी उशिरा येणार आहे." दोघं एकाच खोलीत असतात बरं का. बा तेच करते, फक्त तिचा नवरा महात्मा आहे, त्यामुळे तिने कुठल्याही बाजूने निरोप पोचवला तरी ती चुकते. शेवटी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत, शेवटचं आजारपण, मुलाला बघायचंय म्हणून जीव अडकलेला, आणि हरिलाल आला तो पिऊन आला. खऱ्या आयुष्यातही तसंच झालं होतं, ती कपाळ बडवून घेत रडली आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला ती गेली. समाधी तिथेच आहे, पुण्यात असाल तर जाऊन या.

आणि तो कटनी स्टेशनचा सीन. गांधीजी आणि बा रेल्वेने चाललेत, प्लॅटफॉर्मवर महात्मा गांधी की जय चाललंय आणि त्या गर्दीत एकच आवाज, माता कस्तुरबा की जय. बघतात तर हरिलाल, कपडे फाटके, दात पडलेले. खिशातून एक संत्रं काढतो आणि बाला देतो. बापू विचारतात मला नाही का काही, तर म्हणतो नाही, हे फक्त बासाठी, तुम्ही एवढे मोठे झालात ते तिच्यामुळे.

हा सीन संपला तेव्हा बाबा आणि मी दोघं टीव्हीकडे बघत होतो, स्कॉलरशिपवरून वाजल्यापासून एकमेकांशी एक शब्द नव्हता. आई इतका वेळ काही बोललीच नव्हती, एकदम म्हणाली, "अगं बाई, पोराला गाडीतून काहीतरी खायला द्यायचं की."

मला तेव्हा हसू आलं. म्हटलं हिला सगळीकडे खाणंच दिसतं. पुढे कधीतरी हरिलालबद्दल वाचताना हा प्रसंग सापडला, आणि त्यात लिहिलंय की गाडी हलल्यावर बालाच आठवलं, आपण त्याला काही दिलंच नाही, पोरगा उपाशी असणार, आणि आपल्या टोपलीत फळं होती. तोवर गाडीने स्टेशन सोडलं होतं. मी पुस्तक मिटून आईला फोन केला आणि फोनवर काय बोलायचं ते सुचेना, मग विचारलं जेवलीस का.

तर वडिलांसोबत बघायचा का. बघा, पण पिक्चर बघून दोघं गळ्यात पडाल आणि सगळं मिटेल असं डोक्यात घेऊन बसू नका, तसं काही होत नाही. उलट मध्येच भांडण होईल, कारण ते बापाच्या बाजूने बघणार आणि तुम्ही पोराच्या. होऊ दे. निदान भांडण गांधीजींवरून होईल, तुमच्या नेहमीच्या विषयावरून नाही. आणि आई असतील तर त्यांनाही बोलवा, कामात असतील तर काम घेऊन बसा म्हणावं.

आमच्याकडे पिक्चर संपला, नावं वर सरकायला लागली, कोणीच उठेना. लायब्ररीतून भाड्याने आणलेली डीव्हीडी होती. शेवटी बाबांनी चष्मा पुसला, आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेलो असताना आईकडे बघून म्हणाले, "त्याला म्हणावं, उद्याचा दिवस राहू दे ती, मला पुढचा अर्धा परत बघायचाय."