संरक्षित वारसा इमारत न पाडता तिथेच टॉवर उभारता येतो का?

येतो, पण जुन्या इमारतीचं नेमकं काय वाचतं, ते आधी विचारा. न्यूयॉर्कचा हर्स्ट टॉवर बघा. खालची सहा मजली दगडी इमारत १९२८ची. तिच्यावर टॉवर चढवायचं तेव्हाच ठरलं होतं, पण मंदीत राहून गेलं. १९८८मध्ये तिला संरक्षण मिळालं आणि २००६मध्ये वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांचा ४६ मजली टॉवर पुरा झाला.

मला सगळ्यात आवडतो तो जुन्या-नव्याचा सांधा. टॉवर दगडी भिंतींच्या आत, मागे सरकून उभा आहे आणि मधल्या फटीला काच आहे. तिच्यातून ऊन थेट खालच्या लॉबीत उतरतं. नव्याचा भार जुन्या भिंतींवर टाकलेला नाही.

मात्र आतले जुने मजले सगळे काढले. उरली ती बाहेरची भिंत. इथे माझं मन खट्टू होतं. जिने, खोल्या, लाकूडकाम गेलं तर वारसा अर्धाच वाचला.

मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीनंतर आणखी एक वाट आहे: न वापरलेला एफएसआय, म्हणजे जागेवर परवानगी असूनही न केलेलं बांधकाम, टीडीआर (दुसऱ्या जागी हलवता येणारा बांधकामाचा हक्क) म्हणून दुसरीकडे विकायचा. जमत असेल तर मी आधी हीच वाट सुचवीन.