भावाचं औषध शोधायची जबाबदारी तिची नाही

मुलुंडहून एका वडिलांचं पत्र आलंय. धाकट्या मुलाला तीन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार आहे. मोठी मुलगी टीवायबीएस्सीला, लाइफ सायन्सेस घेऊन. तिनं जीन बदललेल्या उंदरांवर संशोधन करून भावाच्या आजारावर औषध शोधावं, त्यासाठी कोणता कोर्स चांगला, असं त्यांनी विचारलंय.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाच्या गोळ्या, घटलेलं वजन, बुडालेली शाळा, सगळं त्यात आहे. मुलीबद्दल एकच ओळ: 'ती म्हणते उंदीर मारायला जमणार नाही, पण होईल सवय.' मी तिथेच थांबले. 'होईल सवय' हे तुमचं म्हणणं, तिचं नाही. या कामात उंदराचं रोज वजन करतात, विष्ठेत रक्त आहे का बघतात आणि शेवटी त्याला मारून मोठं आतडं पट्टीवर मोजतात, कारण सूज आली की ते आखूड होतं. काम मोलाचं आहे, पण ते मनापासून पटलेल्यानंच करावं. नको म्हणणाऱ्या मुलीच्या गळ्यात भावाच्या आजारपणाच्या नावानं ते बांधू नका. उद्या औषध नाही सापडलं, तर तिनं कुणाला तोंड दाखवायचं?

शिवाय जीन बदलला की माणसाचा आजार उंदरात जसाच्या तसा उतरतो, हा तुमचा गैरसमज आहे. सूज आवरणाऱ्या आयएल-10 या प्रथिनाचा जीन काढलेल्या उंदरांच्या आतड्याला जुनाट सूज येते, हे 1993मध्ये दिसलं. तेच उंदीर पूर्ण जंतुमुक्त जागेत वाढवले तर आतडं ठीक राहतं! म्हणजे आजाराला जंतूंचीही साथ लागते. नॉड-2 या जीनचा क्रोन्सशी, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या एका आजाराशी संबंध 2001मध्ये सापडला, पण तो काढला म्हणून उंदराला आपोआप क्रोन्स होत नाही. क्रिस्पर या जीन बदलण्याच्या तंत्रामुळे असे उंदीर तयार करणं सोपं झालं. तिथून माणसाच्या औषधापर्यंतची वाट मात्र अजून लांबच आहे. तुमच्या मुलाचे उपचार आज त्याच्या डॉक्टरांकडेच आहेत.

कोर्सचं विचारलंत, तर एमएस्सीसाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षा, पुढे पीएचडीसाठी नेट ही परीक्षा. आतड्यातल्या जंतूंवरचं संशोधन रुग्णांच्या नमुन्यांवर आणि संगणकावरही चालतं, तिथे उंदीर मारावे लागत नाहीत. पण तिला हा विषय तरी आवडतो का? पुढचं पत्र तिला एकटीला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.